माळाच्या मागं लाईन न्हाई

अप्पांची मेटॅडोर रिकामी असायची आणि आमच्या डोक्यांवर भरलेल्या घागरी असायच्या. रस्ता एकच, जायचंही एकाच बाजूला. सकाळच्या उन्हाला अजून धार आलेली नसायची. आम्ही पाच-सहा बायका विहिरीवरून घराकडे निघालेल्या, आणि मागून ती निळ्या पट्ट्याची पांढरी गाडी यायची. जवळ आली की हळू व्हायची, कारण आमच्या पाण्यात धूळ पडू नये एवढी काळजी अप्पांना होती. पण थांबायची नाही. अप्पा स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलून कपाळाला लावायचे, प्रत्येकीला वेगळा नमस्कार पोचावा अशी मान हलवायचे आणि पुढे निघून जायचे. आमच्यात त्यांची बायकोही असायची. तिलाही नमस्कार.

"शिवा शिवा," ती म्हणायची, "रातच्याला माझ्या हातची भाकर खातोय आन् सकाळी रस्त्यावर नमस्कार घालतोय, जसं काय मी कुन्या गावची पावनी."

तिला सगळा माळ अव्वा म्हणायचा. अप्पा आणि अव्वा आमचे घरमालक. लातूरच्या बाहेर औशाच्या रस्त्याला तेव्हा नुसता मुरमाड माळ होता. त्या माळावर अप्पांनी पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ बांधली होती, त्यातली शेवटून दुसरी आमची. गाडी का थांबवत नाही म्हणून भांडायला गेलं की अप्पांचं उत्तर ठरलेलं असे. "लाईन माळापासून सुरू होतीय. माळाच्या मागं लाईन न्हाई."

ही लाईन म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना नुसते आडमुठे समजाल. होतेच ते आडमुठे. पण नुसते नव्हते.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. उस्मानाबादेतून सुटून स्वतःचा कलेक्टर मिळाला, याचं गावाला इतकं कौतुक की पाट्यांवरचं 'तालुका' पुसून 'जिल्हा' लिहायला पेंटर मिळत नव्हते. एका चहावाल्यानं टपरीवर 'जिल्हा चहा' असं लिहून घेतलं होतं, आणि चहा तोच, पाणचट. आमच्या ह्यांना त्याच नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली, म्हणून आम्ही तिथे आलो. हे नायगावकडचे. मी देगलूरच्या पलीकडच्या खेड्यातली, जिथे बाजारात तेलुगू चालते, घरात मराठी आणि भांडणात कानडी. लातूर मला परदेशच वाटलं. खोलीचं दार लावलं की नाही हे मी तीनदा जाऊन पाहत असे. अजूनही पाहते.

अप्पा आधी डाळीच्या आडतीत होते. लातूरची तूरडाळ कलकत्त्याला जायची, आणि मालाची तक्रार आली की शेठ अप्पांना मालामागे पाठवायचा. अशाच एका खेपेला अप्पांनी तिथली जमिनीखालची रेल्वे पाहिली. नवीनच सुरू झाली होती, देशातली पहिली. पाच स्टेशनांची एवढीशी लाईन. डाळीचं काम दोन दिवसांत मिटलं आणि अप्पा महिनाभर तिथेच राहिले. शेठच्या तारांवर तारा. अप्पा रोज संध्याकाळी जिना उतरून खाली जायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत बसायचे, उतरायचे, आणि परत बसायचे.

"वर ऊन, घाम, वरडावरडी," ते सांगायचे. "खाली गेलं की गाभाऱ्यासारखं गार. गाडी येती. दार आपल्या आपुन उघडतंय. कुनी 'ए सरक' म्हनत न्हाई. मला तिथं कोन वळखत हुतं? कुत्रं बी न्हाई. पर गाडी माझ्यासाठी थांबायची. जितका येळ शेठसाठी, तितकाच येळ माझ्यासाठी."

आणि मग ती पाच नावं म्हणायचे, डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर. एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन, भवानीपूर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि तोंडात कलकत्त्याची स्टेशनं. "न, मः, शि, वा, य," असं म्हणून पुन्हा तीच पाच पेरं मोजायचे. "पाच आक्षरं, पाच स्टेशनं. पंचाक्षरी हाय ती. तिच्यात कमी-जास्त करायचं न्हाई."

परत आले ते आडत सोडूनच. मेटॅडोर घेतली. सहा खुर्च्या काढून तिथे बाक बसवले, देवळातली एक पितळी घंटा पुढे टांगली, आणि नव्या जिल्ह्यासाठी लाईन सुरू केली. माळ, चिंच, कलेक्टर, गोलाई, दवाखाना. पाच स्टेशनं, पाच निळ्या पत्र्याच्या पाट्या, पांढरी अक्षरं. चिंच म्हणजे खरंच एक चिंचेचं झाड, गोलाई म्हणजे गावातली गोल बाजारपेठ. माळ म्हणजे आमच्या खोल्यांच्या पुढ्यातला विजेचा खांब. परवान्याचं त्यांनी कसं जमवलं ते त्या नव्या कलेक्टरलाच माहीत असेल.

आपल्याकडे गाडी कशी चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि हललेली गाडी ड्रायव्हरच्या मनात आलं तर हात केला की कुठेही थांबते. अप्पांचं दोन्ही उलटं. वेळ झाली की घंटा वाजायची आणि गाडी निघायची, मग आत एक माणूस असो की माशी. आणि मधे हात केला तर अप्पा नमस्कार करायचे. लोकांना पहिले काही महिने वाटायचं, माणूस फार नम्र आहे, पण त्याचे ब्रेक खराब असतील.

स्टेशन आलं की मात्र थांबणार म्हणजे थांबणार. कुणी नसलं तरी. चिंचेखाली एखादी म्हैस उभी असली तरी दार उघडायचं, जरा वेळ जायचा, दार लागायचं. आणि निघताना अप्पा मोठ्यानं पुकारायचे, "पोरोबोर्ती स्टेशन, कलेक्टर!" हे पोरोबोर्ती काय, ते कुणालाच कळत नव्हतं. मला ती शिवी वाटली होती. शेजारच्या आपाला वाटलं, कुठल्या तरी पिराचं नाव. बंगालीत त्याचा अर्थ 'पुढचं' असा होतो, हे पुढे अप्पांनीच सांगितलं. माळावरची पोरं मात्र अर्थाविनाच खूश. लपाछपीतसुद्धा "पोरोबोर्ती!" अशी आरोळी ठोकूनच राज्य घ्यायची.

आणखी एक नियम होता. गाडी थांबली की चढणाऱ्यांनी बाजूला उभं राहायचं. "आदी उतरनाऱ्याला उतरू द्या, मग चढा." हे वाक्य त्यांनी लातुरात किती वेळा म्हटलं असेल, शिवच जाणे. गोलाईच्या स्टेशनावर बाजारच्या दिवशी हे वाक्य म्हणजे नदीला 'जरा थांब' म्हणण्यातला प्रकार. पण अप्पा दारात आडवे हात करून उभे राहायचे. बाया शिव्या द्यायच्या, बापे ढकलायचे, कुणाची कोंबडी अप्पांच्या धोतरात शिरायची. अप्पा हलायचे नाहीत. हळूहळू लोकांना सवय झाली. नंतर नंतर तर गोलाईवरच्या भाजीवाल्याच नव्या माणसाला दटावायच्या, "ए दादा, खेड्यातून आलास काय? उतरू दे की आदी!"

त्यांच्या व्याह्यांची गोष्ट तर सगळ्या लातुरात पसरली होती. लेकीचे सासरे उदगीरचे, मोठे दुकानदार, मानापानाचे. एकदा कचेरीच्या कामानं आले आणि कलेक्टर आणि गोलाईच्या मधे, भर दुपारी, समोरून अप्पांची गाडी येताना दिसली. त्यांनी छत्री वर केली. अप्पांनी त्यांना पाहिलं. गाडी हळू केली. दोन्ही हात जोडले, स्टिअरिंग कोपरानं धरून, आणि पुढे गेले.

व्याही घरी आले ते तापलेल्या तव्यासारखे. अव्वा रडायला लागल्या. अप्पा संध्याकाळी आले, त्यांनी व्याह्यांचे पाय धुतले, पाट मांडला, स्वतः वाढलं.

"आता पाय धुवायलाव?" व्याही म्हणाले. "रस्त्यात वळख न्हाई दाखवली!"

"दाखवली की. हात जोडले."

"गाडी का न्हाई थांबवली?"

"तुमी घरात व्याही," अप्पा म्हणाले. "लाईनीवर पॅसेंजर. उद्या स्टेशनावर उभं ऱ्हावा. न्हाई थांबलो तर लेक परत पाठवा."

दुसऱ्या दिवशी व्याही गोलाईच्या पाटीखाली छत्री टेकवून उभे राहिले, बघूच म्हणून. गाडी त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. दार उघडलं. उतरणारे उतरले. अप्पांनी पुकारा केला. व्याही बसले आणि दवाखान्यापर्यंत काही काम नसताना जाऊन आले. पुढे उदगिरात ते सांगत म्हणे, "लातुरात माझी गाडी हाय. मी उभा ऱ्हायलो की थांबती. हात सुदिक वर करावा लागत न्हाई."

हात वर करावा लागत नाही. या एका गोष्टीसाठी मी अप्पांची जन्माची ऋणी आहे, आणि त्याचं कारण मला माझं सांगावं लागेल.

माझी शाळा पाचवीत सुटली. आमच्या खेड्यात चौथीपर्यंतच होती. पाचवीला पुढच्या गावी जायचं, त्यासाठी फाट्यावर मोटार धरायची. मी फाट्यावर उभी राहायची, दप्तर छातीशी, आणि मोटार आली की हात वर करायची. एकटीच मुलगी. कधी थांबायची, बहुतेक वेळा नाही. ड्रायव्हर पाहायचा आणि निघून जायचा. तो हात मग खाली घ्यावा लागतो ना, तेव्हा जे वाटतं ते मला लिहिता येत नाही. डोकं खाजवल्यासारखं करून मी हात खाली घ्यायची, जसं काही मी कुणाला थांबवतच नव्हते. दिवाळीपर्यंत काढलं. मग गेलेच नाही. घरात कुणी विचारलंही नाही.

लातुरात आल्यावर पहिल्यांदा अप्पांच्या माळ स्टेशनावर उभी राहिले तेव्हा सवयीनं माझा हात अर्धा वर गेला होता. अप्पा आतूनच ओरडले, "हात खाली! थांबायलोच की. तुझ्यासाठीच हाय ती पाटी."

आज मी दिल्लीत मुलाकडे असते. इथे तर जमिनीखाली किती लाईनी आहेत, लाल, पिवळ्या, निळ्या, त्यांचा नकाशा पाहिला की शिवणाच्या डब्यातला गुंता आठवतो. पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा मुलाच्या जिवाला घोर. हातात मोबाईल, पदराच्या टोकाला पत्ता बांधलेला, आणि सूचना दहा. मला मात्र सरकत्या जिन्याची तेवढी भीती वाटली, गाडीची नाही. मी दाराच्या बाजूला उभी राहिले. उतरणारे उतरले. मग चढले. हात कुठेच वर केला नाही. गाडी माझ्यासाठीच थांबली होती.

असो. विहिरीकडे वळते.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. माळावरचा नळ आधी एकाआड एक दिवस यायचा, मग आठवड्याला, मग नुसता शिट्टी मारायचा. टँकरचा भरवसा नव्हता. माळाच्या मागे, गावाच्या उलट्या दिशेला, अप्पांच्या एका मित्राचा मळा होता आणि त्याच्या विहिरीत पाणी टिकून होतं. तो भला माणूस कुणाला नाही म्हणत नव्हता. अप्पांची मेटॅडोर रात्री त्याच मळ्यात असायची, शेडखाली. सकाळी अप्पा चालत तिथे जायचे, गाडीत पाणी घालायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे आणि रिकामी गाडी घेऊन माळ स्टेशनावर यायचे. तिथून लाईन सुरू. आणि आम्ही तेवढंच अंतर घागरी घेऊन चालायचो.

मला सहावा महिना होता. आधीचं एक राहिलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ओझं उचलू नकोस म्हणून बजावलं होतं. हे सकाळी कचेरीत जायच्या आधी एक खेप आणायचे, पण त्यांची ड्यूटी लवकरची, आणि दोन कळशांत दिवस निघत नव्हता. मी गुपचूप एक घागर आणायची. एक दिवस ह्यांना कळलं.

"बास," हे म्हणाले. "आयतवारी तुला देगलूरला सोडतो. बाळंतपन तिकडंच."

"तिकडं तर प्यायला बी पानी न्हाई. दोन्ही वहिन्या बाळंत व्हायल्यात."

"इथं आसून काय करनार? घागर उचलनार?"

ते चिडून बोलत नव्हते, घाबरून बोलत होते. मलाही ते कळत होतं. पण ती पत्र्याची खोली म्हणजे माझं पहिलं स्वतःचं घर होतं. चूल मी मांडलेली. लातूरचा दवाखाना लाईनीवर होता, डॉक्टरीणबाई ओळखीच्या झाल्या होत्या. माहेरी मोटारीला हात करून बसावं लागलं असतं. मी ट्रंक भरायला घेतली आणि रडत बसले. आवाज पत्र्यातून पलीकडे गेला, आणि आपा आली.

आपा म्हणजे शेजारच्या खोलीतली. तिचा नवरा पंक्चर काढायचा. आपा बोलायला लागली की मराठी आणि दखनीचं लोणचं व्हायचं. "क्या हुआ गे? रोती कायकू?" सगळं ऐकून घेतलं आणि सरळ उठून अव्वांकडे गेली. अव्वा म्हणाल्या, मी आज बोलते. संध्याकाळी बोलल्या. आम्ही त्यांच्या मागच्या पत्र्याला कान लावून ऐकलं.

"पोटुशी पोर हाय. सकाळी तेवढी मळ्यापासून बसवून आना."

"मळ्यात स्टेशन न्हाई."

"मग स्टेशन करा!"

"पाच हायती. पंचाक्षरी हाय. सहावं कुठनं आनू?"

"तुमच्या पंचाक्षरीला दया न्हाई का?"

मग अप्पा म्हणाले, "तिची घागर मी चालत आनून देतो. पर गाडी थांबायची न्हाई. आज हिच्यासाठी थांबली तर उद्या कुनासाठी थांबायची न्हाई ते कोन ठरवनार? मी? मग मी बी मर्जी झाली की थांबनाऱ्या मोटारवाल्यावानीच झालो." आणि खरंच दुसऱ्या सकाळी पासष्टीचा माणूस खांद्यावर घागर घेऊन मळ्यातून आमच्या दारात आला, घागर ठेवली, परत मळ्यात चालत गेला आणि मग रिकामी गाडी घेऊन आला. त्या दिवशी लाईन उशिरा सुटली. अप्पांचं तोंड सुतकी झालं होतं. हे असं रोज चालणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

युक्ती आपाची. दुपारी आम्ही तिघी अव्वांच्या ओसरीवर बसलो होतो. आत अप्पांची पूजा चालली होती. दुपारच्या पूजेला अप्पा डाव्या तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसले की छपराला आग लागली तरी उघडायचे नाहीत.

आपा हळूच म्हणाली, "अव्वा, अप्पा हमेशा क्या बोलते? जिथं पाटी तिथं गाडी. बोलते ना?"

"हाव, बोलत्यात."

"तो पाटी लगा देंगे."

अव्वांनी आधी तोंडाला पदर लावला. मग त्या हसायला लागल्या ते पूजेत आवाज जाईल म्हणून उठून गोठ्यात गेल्या, आणि येताना अप्पांच्याच रंगाचे दोन डबे घेऊन आल्या, निळा आणि पांढरा. पत्रा आपानं आणला, नवऱ्याच्या दुकानातला. त्याच्या एका बाजूला 'येथे पंक्चर निघेल' असं लिहिलेलं होतं, दुसरी बाजू कोरी. निळा रंग सुकेपर्यंत आम्ही उन्हात पत्र्याभोवती कोंबड्यांसारख्या बसलो. मग अक्षरं कोण लिहिणार, हा प्रश्न आला. आपाला उर्दू येई, अव्वांना कानडी. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

पाचवीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलेलं नव्हतं. 'वि' लिहिताना रंगाचा ओघळ आला, तो आपानं बोटानं पुसला. मग एकेक करत तीन अक्षरं झाली. लांबून पाहिली. तशीच दिसत होती, इतर पाच पाट्यांवर होती तशी. अप्पांची पूजा उठायच्या आत आपा आणि अव्वा ती पाटी मळ्याच्या फाटकाजवळच्या बाभळीला तारेनं बांधून आल्या. मला नेलं नाही. मी ओसरीवर बसून पूजेचा पहारा केला.

दुसरी सकाळ शनिवारची. म्हणजे माझ्याकडे तेवढी एकच होती. ह्यांनी ट्रंकेला दोरी बांधून ठेवली होती. आम्ही विहिरीवर गेलो, घागरी भरल्या, माझी सुद्धा, ती आपानं उचलली, आणि बाभळीखाली ओळीनं उभ्या राहिलो. आपानं घागर माझ्या पायाशी ठेवली म्हणून मी सगळ्यात पुढे. माझ्या पोटात बाळ आणि भीती दोघंही लाथा मारत होती. आमच्यापुढून अप्पा कपाळाला हात लावून निघून गेले तर?

मळ्यातून गाडीचा आवाज आला. फाटकातून निळा पट्टा बाहेर आला. अप्पांनी सवयीनं उजवा हात उचलला, तो कपाळापर्यंत गेलाच नाही. करकचून ब्रेक लागला. सगळी धूळ आमच्यावर.

अप्पा खाली उतरले. पाटीपुढे उभे राहिले.

"विहीर," त्यांनी वाचलं. मागे जाऊन दुसरी बाजू पाहिली. "येथे पंक्चर निघेल." परत पुढे आले. "ही पाटी कुनाची?"

आम्ही सगळ्या आपापल्या घागरींकडे बघायला लागलो.

"लाईन की है," आपा म्हणाली.

"लाईनीची पाटी मी लावतो."

"तुमीच लावली आसंल," अव्वा म्हणाल्या. "वय झालं आता. इसरता तुमी."

अप्पा गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, संपलं. उद्या आयतवार. पण गाडी सुरू झाली नाही. अप्पांनी डोळे मिटले होते. अंगठा पेरांवरून चालला होता, ओठ हलत होते. न, मः, शि, वा, य. पाच पेरं झाली, अंगठा थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थांबला. आणि मग मी पाहिलं, अप्पांचे खांदे हलायला लागले होते. आधी वाटलं रडतात. ते हसत होते. हसत हसत खाली उतरले, तर डोळ्यांत पाणी.

"आगं, नमः शिवायच्या आदी काय आसतंय?" त्यांनी अव्वांना विचारलं.

"ओम," अव्वा म्हणाल्या.

"ओम! ओमच ऱ्हायला हुता की माझा! इतकी वर्सं बिनओमचं नाव घ्यायलो आन् बिनओमची लाईन चालवायलो! सहा आक्षरं हायती, सहा! आन् ओम कुठं आसतोय? सगळ्यांच्या आदी! माळाच्या आदी!"

ते पाटीजवळ गेले, तार सोडली, पाटी सरळ केली, पुन्हा बांधली. दोन पावलं मागे जाऊन पाहिली. "आक्षर कुनाचं हाय?"

अव्वांनी मला कोपरानं पुढे ढकललं.

"किती शिकलीस?"

"पाचवी. दिवाळीपतोर."

"आक्षर तर गोल हाय. मग सोडली कशाला शाळा?"

"मोटार थांबत नव्हती," मी म्हणाले.

अप्पांनी गाडीचं दार उघडलं, आणि तिथे कुणीच उतरणारं नव्हतं तरी सवयीनं एका बाजूला झाले. घंटा दोनदा वाजवली.

"चढा. लाईननं. पानी सांडलं तर उतरवीन. पोरोबोर्ती स्टेशन, माळ!"

माळावर गाडी थांबली तेव्हा हे कचेरीला निघालेले होते. दार उघडलं आणि आतून पहिली मी उतरले, मग माझी घागर. ह्यांनी गाडीकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि आत जाऊन ट्रंकेची दोरी सोडली.

त्या उन्हाळ्यात अप्पांनी बाकाखाली फळ्या ठोकून घागरी बसतील अशी गोल भोकं पाडून घेतली. सकाळची पहिली गाडी 'विहीर' वरून सुटायची, वेळेवर, आणि पुढच्या वस्तीतल्या बायकाही यायच्या. पाटी तीच राहिली, अप्पांनी नवी केली नाही. मळ्याकडून येताना विहीर, मळ्याकडे जाताना पंक्चर. एकदोन सायकलवाले खरंच पंक्चर काढायला तिथे येऊन बसले होते. अप्पांनी त्यांना हात जोडले.

ती लाईन पुढे काही वर्षं चालली. मग लातुरात कुठेही हात केला की थांबणारे ऑटो इतके झाले की अप्पांच्या पाट्यांखाली पुन्हा म्हशी उभ्या राहायला लागल्या. आम्ही तेव्हा बदलीनं नांदेडला होतो. भेटायला गेले तर म्हणाले, "आपलं काय चुकलं न्हाई. लातूर आजून तेवढं मोठं न्हाई झालं, बस." दुःख वगैरे काही नाही. मोजायला सहा पेरं आणि अंगठा शाबूत होते.

पण मला सांगायचा आहे तो दिवस त्या विहिरीच्याच वर्षातला. कळा सुरू झाल्या त्या दुपारी. हे कचेरीत. आपानं बोंब मारली. अप्पांची पूजा नुकतीच उठली होती. त्यांनी गाडी थेट दाराशी आणली, आयुष्यात पहिल्यांदा बिनपाटीच्या जागी, आणि म्हणाले, "घर बी एक स्टेशनच हाय." मला मागच्या बाकावर निजवलं, एका बाजूला अव्वा, एका बाजूला आपा.

मला वाटलं आता गाडी सुसाट जाईल. गाडी माळावर थांबली. दार उघडलं. दार लागलं. "पोरोबोर्ती स्टेशन, चिंच!"

"आवो, आता तरी नका थांबू!" अव्वा किंचाळल्या.

"पोरगी मोजायलीय," अप्पा पुढूनच म्हणाले. "बघ तिच्याकडं."

खरंच मी मोजत होते. कळ आली की डोळे मिटायची आणि मनात म्हणायची, चिंच येईपर्यंत, फक्त चिंच येईपर्यंत. आणि चिंच यायची. गाडी थांबायची, एक श्वास मिळायचा. मग कलेक्टर. तिथे उभी असलेली माणसं आत बघून मागे सरली, कुणी चढलं नाही, कुणी हात केला नाही. एकानं पळत जाऊन ह्यांना कचेरीतून बोलावलं. मग गोलाई. भाजीवाल्या रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळा बाजार दोन बाजूंना सारला. "पोरोबोर्ती स्टेशन," अप्पांचा आवाज जरा चिरकला, "दवाखाना!"

मुलगा झाला तेव्हा बाहेर व्हरांड्यात निम्मा माळ जमला होता. हे सायकल टाकून पळत आलेले, आपाचा नवरा हात काळेच घेऊन, आणखी कोण कोण. आतून रडण्याचा आवाज आला आणि नर्सनं दार किलकिलं केलं, तशी सगळी गर्दी एकदम दाराकडे लोटली. आणि मला आतून पलंगावरून ते दिसलं: दारात पाठमोरे अप्पा, दोन्ही हात आडवे.

"मागं व्हा! आदी उतरनाऱ्याला उतरू द्या. मग चढा!"

नर्सला हसू आवरेना. ती पोराला घेऊन त्या हातांखालून बाहेर गेली. कुणी हललं नाही, सगळे दोन बाजूंना उभे, मधे वाट. ह्यांनी पोराला घेतलं तेव्हाच अप्पांनी हात खाली केले. मग वळून आत माझ्याकडे पाहिलं. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. उजवा हात उचलून कपाळाला लावला, तोच तो रस्त्यातला नमस्कार, आणि निघाले. परतीच्या गाडीची वेळ झाली होती. बाहेर घंटा दोनदा वाजली.